जाळीचं लाकडी दार घरच्या घरी: मापापासून बिजागरीपर्यंत

दिवेलागणीला मागचं दार लावायचं आणि पुढचं उघडं ठेवायचं, हा आमच्या घरातला जुना रिवाज. लक्ष्मी पुढच्या दारानं येते. अडचण एवढीच, की त्याच वेळेला, त्याच दारानं डासही येतात. आम्ही राहतो कोकणात, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत परसात कुठं ना कुठं पाणी साचलेलं असतंच. आई रिवाज सोडायला तयार नाही आणि मी रोज संध्याकाळी धूर करायला. यावर तोडगा म्हणून मी पुढच्या दाराला लाकडी चौकटीचं जाळीचं दार केलं. एक नव्हे, दोन केली. पहिलं फसलं. ते का फसलं हे पुढं येईलच.

जाळीचं महत्त्व पटवायला फार लांब जायला नको. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०० च्या उन्हाळ्यात, सॅम्बन आणि लो नावाचे दोन डॉक्टर रोमजवळच्या दलदलीत जाळी लावलेल्या लाकडी खोपटात जाऊन राहिले. दिवसभर बाहेर हिंडत, पण सूर्य मावळायच्या आत घरात येऊन दार लावून घेत. आजूबाजूची माणसं तापानं फणफणत असताना या दोघांना हंगाम संपेपर्यंत मलेरिया झाला नाही. औषध काही घेतलं नव्हतं, फक्त जाळी आणि वेळेवर लावलेलं दार. (डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो, तेव्हा आपलं दार दिवसाही लागलेलं असायला हवं.)

आता मुद्द्याचं. फळीचं किंवा प्लायवूडचं दार करणं त्या मानानं सोपं असतं, कारण मधली फळीच दाराला काटकोनात धरून ठेवते. जाळी काहीच धरून ठेवत नाही. म्हणजे जाळीचं दार हे मुळात रिकामी चौकट, आणि तिचा सगळा भार कोपऱ्यातल्या सांध्यांवर. सांधा ढिला झाला की दार कडीच्या बाजूला लोंबतं, उंबऱ्याला घासतं, आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. डास त्या फटीतून येतात, जाळीतून नाही. पुढं जे काही सांगितलं आहे ते या दोनच गोष्टींसाठी: दार लोंबू नये आणि फट राहू नये.

आधी चौकट बघा

आपल्याकडची मुख्य दारं बहुतेक आत उघडतात, तेव्हा जाळीचं दार बाहेर उघडायचं. भिंतीतल्या चौकटीला दोन्ही बाजूंनी खाच असेल तर तुमचं अर्धं काम झालेलं आहे. बहुतेक घरांत तशी नसते. आमची चौकट चार इंच खोल, आतल्या बाजूनं दीड इंच मुख्य दार खातं, उरले अडीच. त्यात बाहेरच्या कडेला सव्वा इंच जाडीचं जाळीचं दार बसवलं, आणि त्याच्या मागं तिन्ही बाजूंनी अर्धा इंच बाय एक इंचाची पट्टी स्क्रूनं मारली. दार या पट्टीवर येऊन टेकतं. पट्टी आत्ताच मारू नका. दार टांगून झाल्यावर, ते जिथं टेकेल तिथं मारायची.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. मुख्य दाराची बाहेरची कडी, कोयंडा, हँडल किती पुढं येतं ते मोजा. आमची जुनी पितळी कडी दोन इंच बाहेर यायची आणि दोन दारांमध्ये जागा होती सव्वा इंच. ती काढून चपटं हँडल लावावं लागलं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाहेर उघडणारं दार जिन्याच्या वाटेत येतं का, समोरच्यांच्या दारावर आदळतं का, हेही आधीच बघा आणि सोसायटीला विचारा.

माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, उंची दोन्ही कडांना. कुठलीही चौकट पुस्तकातल्यासारखी काटकोनात नसते. आमची वर ३३ इंच, मध्ये ३२ इंच ७ सूत, खाली ३३ इंच १ सूत होती. (एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. सुतार याच भाषेत बोलतात, वखारीतही हेच चालतं.) यातलं सगळ्यात लहान माप धरायचं आणि दोन्ही बाजूंना एकेक सूत सोडायचं. म्हणून दाराची रुंदी झाली ३२ इंच ५ सूत. उंची ८० इंच होती. वर एक सूत, खाली तीन सूत सोडून ७९ इंच ४ सूत. खाली जास्त सोडायचं कारण तिथं पुढं ब्रशची पट्टी येते, आणि पायपुसणं थोडं सरकलं तरी दार अडू नये.

लाकूड वर्षभर एकाच मापाचं राहत नाही. पावसाळ्यात फुगतं, चैत्र-वैशाखात आक्रसतं, आणि ते रुंदीत होतं, लांबीत जवळजवळ नाही. चार इंची सागवानी पट्टी आपल्याकडच्या दमट-कोरड्या ऋतूंत एखादा मिलिमीटर हलते असं धरा. त्यामुळं मे महिन्यात दार करत असाल तर बाजूची फट सुताला जराशी जास्तच ठेवा, भर पावसात करत असाल तर थोडी कमी चालेल.

लाकूड

सागवान परवडत असेल तर दुसरा विचार करू नका. वाळवी लागत नाही, पीळ पडत नाही, रंध्याखाली लोण्यासारखं चालतं. कोकणात फणसही उत्तम: पिवळं, टिकाऊ, आणि कुणाच्या तरी परसात कापून ठेवलेलं मिळून जातं. शिवण हलकी आणि स्थिर, जाळीच्या दाराला छानच. आंबा घेऊ नका. स्वस्त असतो, पण कीड आणि वाळवी त्याच्यावर टपलेलीच असतात. पाइनवुड पुण्यातल्या गॅलरीच्या आतल्या दाराला रंग लावून चालेल, कोकणातल्या पागोळीखाली नाही.

सगळ्यात चांगलं लाकूड मिळतं पाडलेल्या वाड्याचं. ते पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं, जे काय वाकायचं ते वाकून झालेलं असतं. फक्त रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधा. एका खिळ्यानं रंध्याचं पातं जातं आणि मशीनवर दिलंत तर मिस्त्रीचं तोंड सुटतं ते वेगळं.

वखारीत पट्टी निवडताना तिच्या एका टोकाकडून डोळा बारीक करून दुसऱ्या टोकाकडं बघा. बाक थोडा असला तर रंध्यानं निघतो, पीळ निघत नाही. उभ्या पट्ट्यांना गाठ नको, रेषा सरळ हव्यात, कडेचा पांढरट भाग नको, तो लवकर किडतो. नवं लाकूड असेल तर आणल्या आणल्या कापू नका. घरात, सावलीत, मध्ये काटक्या घालून हवा खेळेल असं दोन-तीन आठवडे रचून ठेवा. ज्याला जे वाकायचं ते सांधा करण्याआधी वाकू दे.

माझ्या दारासाठी रंधून झाल्यावरची मापं अशी होती, सगळ्यांची जाडी सव्वा इंच:

उभ्या पट्ट्या २: रुंदी ३ इंच, लांबी ८२ इंच (जादा लांबी मुद्दाम)
वरची आडवी १: रुंदी ३ इंच, लांबी ३३ इंच
मधली आडवी १: रुंदी ४ इंच, लांबी ३३ इंच
खालची आडवी १: रुंदी ७ इंच, लांबी ३३ इंच

वखारीतून घेताना दीड इंच जाड आणि अर्धा इंच जास्त रुंद घ्यायचं, रंध्यात तेवढं जातं. तसा हिशेब केला तर सगळं मिळून जेमतेम एक घनफूट भरतं. तयार दार सागवानाचं असेल तर अकरा-बारा किलोच्या आसपास जातं. एका माणसाला उचलता येतं, पण टांगताना दुसरा हवाच.

खालची पट्टी सात इंच का, असं कुणी तरी विचारतंच. दाराला काटकोनात धरण्याचं काम मुख्यतः तीच करते: सांधा जितका रुंद तितका तो वळायला जड. शिवाय पोरांच्या लाथा आणि मांजराच्या नख्या तिथंच लागतात. मधली पट्टी जमिनीपासून साधारण ३६ इंचांवर घ्या. डोळ्यांसमोर आली तर बाहेर बघताना सारखी आडवी येते.

सांधे: इथं घाई नको

अवजारं फार लागत नाहीत. करवत, रंधा, काटकोन तपासायचा गुण्या, तीन सुताची आणि एक इंची पटाशी, लाकडी हातोडा, ड्रिल, आणि कडेपासून सारख्या अंतरावर रेघ ओढणारं मार्किंग गेज. पटाशीला धार आहे का ते मनगटावरचे केस कापून बघतात. धार नसलेल्या पटाशीनं भोक पडत नाही, चुरा पडतो.

सांधा कुसवाचा करायचा. आडव्या पट्टीच्या टोकाला जी जीभ ठेवतात ती कुसू, आणि उभ्या पट्टीत ती जिथं शिरते ते तिचं घर. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा. सव्वा इंच म्हणजे दहा सूत, त्यात मधले तीन सूत कुसवाचे, दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन. तीन सुताची पटाशी सांगितली ती याचसाठी: घराची रुंदी आणि पटाशीची रुंदी एकच. कुसू आरपार न्यायचा, उभ्या पट्टीच्या बाहेरच्या कडेपर्यंत.

आखणी करताना दोन्ही उभ्या पट्ट्या शेजारी ठेवून एकत्र आखा. वेगवेगळ्या आखल्या आणि एकीवर टेप एक सूत सरकला, तर दार कधीच काटकोनात येणार नाही, मग कितीही दाबा. प्रत्येक तुकड्याच्या दर्शनी बाजूला पेन्सिलीनं खूण करा आणि गेज नेहमी त्याच बाजूला टेकवून चालवा. दोन्ही खांद्यांमधलं, म्हणजे आडव्या पट्टीचं उघडं दिसणारं अंतर २६ इंच ५ सूत. हे तिन्ही आडव्यांना तंतोतंत सारखं हवं. इथं सुताचीही सूट नाही.

वरच्या पट्टीचा कुसू तीन इंच रुंद ठेवू नका. वरचा एक इंच कापून टाका, दोन इंच ठेवा, नाहीतर घर वरून उघडं पडतं. मधल्या पट्टीला तीन इंचाचा, खाली-वर अर्धा अर्धा इंच सोडून. खालच्या सात इंची पट्टीला एकच मोठा कुसू करायचा मोह होईल, पण सात इंच लांब घर कोरलं की उभी पट्टी तिथं पोकळ होते आणि रुंद कुसू आक्रसून ढिला पडतो. त्याऐवजी दोन-दोन इंचाचे दोन कुसू, मध्ये दीड इंच, सगळ्यात खाली दीड इंच मोकळं.

आधी घरं कोरा, मग कुसू कापा. घराची रुंदी पटाशी ठरवते, ती बदलत नाही. कुसू मात्र हवा तेवढा तासता येतो. घर कोरायला आठ मिलिमीटरच्या पात्यानं ओळीनं भोकं पाडा आणि मधलं लाकूड पटाशीनं काढा. एका बाजूनं आरपार जाऊ नका, दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं या, नाहीतर पलीकडची कड फुटते. उभ्या पट्ट्या ८२ इंचाच्या घेतल्या त्या याच कारणानं. वर-खाली इंच-सव्वा इंच जादा लाकूड असलं की टोकाजवळ ठोकताना पट्टी चिरत नाही. दार जुळून झाल्यावर ते शेवटी कापून टाकायचं.

कुसू कापताना करवत रेघेच्या बाहेरच्या, टाकाऊ बाजूनं चालवा, रेघ शिल्लक राहिली पाहिजे. बसवून बघताना हातानं ढकलून अर्धा जावा, उरलेला लाकडी हातोड्याच्या दोन-चार टोल्यांत. जोरात ठोकावा लागत असेल तर थांबा, एकेक शेव तासा. सैल झाला असेल तर कुसवाला दोन्हीकडून पातळ पापुद्रा डिंकानं चिकटवा आणि पुन्हा तासा. भुसा आणि डिंकाचा लगदा भरून सांधा घट्ट होत नाही, फक्त तसा दिसतो.

ज्यांना हे झेपणार नाही असं वाटतं त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे: दोन्ही पट्ट्या टोकाला निम्म्या जाडीपर्यंत कापून एकावर एक बसवायच्या, डिंक लावून प्रत्येक कोपऱ्याला चार स्क्रू. हे दार कुसवाच्या दाराइतकं टिकणार नाही, पण दहा वर्षं काढेल. नुसती टोकाला टोक लावून कोपऱ्यात लोखंडी एल पट्टी मारलेलं दार करू नका. एक पावसाळा गेला की स्क्रूची घरं ढिली होतात आणि तिरकं झालेलं दार परत सरळ होत नाही.

जुळणी

माझं पहिलं दार इथं फसलं. सांधे चांगले झाले होते. पण मी ते अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर जुळवलं, एक कोपरा कळत नकळत खाली गेलेला, आणि डिंक तसाच सुकला. दार चौकटीत लावलं तर खालचा कोपरा टेकलेला आणि वरचा तीन सूत बाहेर. पीळ सुकल्यावर काढता येत नाही. ते दार आता गोठ्यात गवताच्या पुढं उभं आहे.

म्हणून दोन सारख्या उंचीचे सरळ वासे सपाट फरशीवर ठेवा, त्यांच्यावर दार आडवं जुळवा. वर एक आणि खाली एक अशा दोन सरळ पट्ट्या दारावर आडव्या ठेवून मागून डोळा लावून बघा. दोन्हींच्या वरच्या कडा एकमेकींना समांतर दिसल्या तर पीळ नाही. जिथं खाली गेलंय तिथं कागदाची घडी सारा.

आधी डिंकाशिवाय सगळं एकदा जुळवून बघा. मग पाण्यात टिकणारा डिंक घ्या, हार्डवेअरवाल्याकडं मरीन म्हणून मागा. घरात आणि कुसवावर दोन्हीकडं लावा, शिकंज्यानं दाबा. मोठे शिकंजे नसतील तर दाराभोवती दोरीचा फेरा घालून त्यात दांडका अडकवून पीळ देत जा. आजोबा बाजल्याची दोरी अशीच ताणायचे, आणि ती कुठल्याही शिकंज्याइतकी आवळते. दोरीखाली कडांना पुठ्ठा ठेवा.

आता कर्ण मोजा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलटं, जादा टोकं सोडून दाराच्या खऱ्या कोपऱ्यांतून. या मापाच्या दाराचा कर्ण साधारण ८६ इंच येतो. दोन्ही सारखे आले की दार काटकोनात आहे. फरक असेल तर जो कर्ण लांब आहे त्याच्या टोकांवर दाब द्या, डिंक ओला आहे तोवर दार सरकतं. गुण्या लावून एकेक कोपरा तपासण्यापेक्षा हे जास्त खरं.

कर्ण जुळल्यावर पाचरी. उभ्या पट्टीच्या बाहेरच्या कडेला घराच्या वरच्या-खालच्या बाजूनं अर्ध्या सुताचा उतार आधीच देऊन ठेवायचा, त्यात डिंक लावून सागवानाच्या पातळ पाचरी आळीपाळीनं ठोकायच्या. कुसू बाहेरच्या बाजूला पसरतो आणि मागं येऊच शकत नाही. आमच्याकडचे जुने सुतार याच्या जोडीला बांबूची खुंटी मारतात: सांध्यातून आडवं भोक, पण कुसवातलं भोक खांद्याच्या दिशेनं मिलिमीटरभर सरकवलेलं. खुंटी आत शिरताना कुसवाला ओढून घेते. हे केलंत तर उद्या डिंक सुटला तरी दार सुटणार नाही. रात्रभर तसंच राहू द्या.

दार तीन फुटांहून रुंद असेल तर खालच्या भागात तिरकी पट्टी घालावी लागते. ती कशी घालायची यात निम्मे लोक चुकतात. लाकडी तिरकी पट्टी बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या बाजूला वर जायला हवी. भार ती दाबून पेलते. तारेनं ताणायचं असेल तर नेमकं उलटं: बिजागरीच्या बाजूला वर, कडीच्या बाजूला खाली.

टांगणं, रंग आणि मग जाळी

क्रम महत्त्वाचा. जादा टोकं कापा, रंध्यानं कडा जुळवा, मग जाळीची खाच पाडा, रिकामी चौकट टांगून बघा, उतरवा, तेल किंवा रंग द्या, जाळी लावा, परत टांगा. जाळी लावून झाल्यावर कडेला रंधा मारायची वेळ आली की माणूस चुका करतो.

जाळीची खाच आतल्या, घराकडच्या बाजूला: चार सूत रुंद, तीन सूत खोल. तीनहून जास्त खोल गेलात तर कुसू कापला जाईल. बेअरिंगचं पातं लावलेल्या ट्रिमरनं (लाकडात खाच पाडायचं हातातलं विजेचं यंत्र) जुळलेल्या दारावर ही खाच पंधरा मिनिटांत होते, कोपरे गोल राहतात ते पटाशीनं चौकोनी करायचे. ट्रिमर नसेल तर खाच सोडून द्या, जाळी सरळ पट्टीवर ताणून वरून चपटी पट्टी मारा. दिसायला थोडं कमी, कामाला तेवढंच.

बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, चार इंची, तीन. वरची माथ्यापासून सहा-सात इंचांवर, खालची तळापासून नऊ-दहा, तिसरी मध्ये. पानाच्या जाडीइतकी जागा पटाशीनं दोन्हीकडं कोरा. स्क्रूला आधी बारीक भोक पाडा आणि आट्यांना साबण चोळा. पितळी स्क्रू वापरणार असाल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून घर करून घ्या. सागवानात पितळी स्क्रूचं डोकं कट्कन तुटतं, आणि तुटलेला काढण्यात अर्धा दिवस जातो.

टांगताना फटीत तीन मिलिमीटर प्लायचे तुकडे घाला, ते जवळजवळ एक सूत असतात. दार स्वतःहून लागावं असं वाटत असेल तर स्प्रिंगची बिजागरी मिळते. मुलं असलेल्या घरात ती हवीच, कारण दार लावायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. आदळू नये म्हणून टेकणाऱ्या पट्टीवर रबराचे दोन ठिपके चिकटवा.

सागवानाला मी जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं करून दोन हात आणि शेवटी नुसत्या तेलाचा एक हात देतो. प्रत्येक हात वाळायला दिवस लागतो. चकचकीत क्लिअर कोट उन्हापावसात पापुद्रे सोडतो आणि मग सगळा खरवडावा लागतो. तेलावर दरवर्षी फडकं फिरवलं की झालं. तेलाची फडकी चुरगाळून ढिगात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. आणि दाराची खालची कड विसरू नका. टांगल्यावर तिथं ब्रश जात नाही, आणि पाणी नेमकं तिथूनच चढतं.

जाळीचे प्रकार दुकानदार दहा सांगेल. लोखंडी गॅल्व्हनाइज्ड जाळी कोकणात दोन पावसाळ्यांत तांबडी होते. नायलॉन स्वस्त, पण उंदीर एका रात्रीत भोक पाडतो. फायबर ग्लास गंजत नाही, मऊ असते, गॅलरीला ठीक. दाराला मी स्टेनलेस स्टील ३०४ घेतली. समुद्र दिसेल इतक्या जवळ घर असेल तर ३१६ घ्या, खारं वारं ३०४ लाही डाग पाडतं. विणीत इंचाला सोळा ते अठरा तारा हव्यात, म्हणजे भोक सव्वा मिलिमीटरच्या आसपास राहतं. त्याहून बारीक घेतली तर डास तेवढेच अडतात, वारा मात्र कमी होतो.

जाळी चारही बाजूंनी दोन इंच जास्त कापा आणि हातमोजे घाला, तारांची टोकं सुईसारखी असतात. विणीची एक तार खाचेच्या कडेला समांतर धरा. वरच्या पट्टीच्या मधोमध पहिली स्टेपल, मग खाली ताणून मधोमध, मग डावी-उजवी, आणि मधून कोपऱ्यांकडं दोन-दोन इंचांवर. कोपरे शेवटी. वर-खाली दोन भाग वेगवेगळे लावा, मधल्या पट्टीचा उपयोग तोच. फायबर ग्लास हातानं नीट ताणली जात नाही. तिला एक युक्ती आहे: दाराच्या दोन्ही टोकांखाली इंचभर ठोकळे ठेवायचे, मध्यभागी शिकंज्यानं हलकेच खाली दाबायचं म्हणजे दार धनुष्यासारखं वाकतं. जाळी वरच्या आणि खालच्या टोकाला पक्की करायची आणि दाब सोडायचा. दार सरळ होताना जाळी ढोलासारखी ताणते. मग बाजू.

वरून जाळीच्या कडा झाकणाऱ्या बारीक बीडिंग पट्ट्या, खिळ्यांनी नव्हे, बारीक स्क्रूनं. जाळी पाच-सात वर्षांनी बदलावी लागते. कडी अशी निवडा की दोन्ही हातांत वाळत घालायच्या कपड्यांची बादली असताना कोपरानं दार ढकलता येईल. मी चुंबकाचा कॅच आणि आतून लहान कडी लावली आहे.

शेवटी तळाला ब्रशची पट्टी, टेकणाऱ्या पट्टीला रबर. मग अंधार पडल्यावर घरात दिवा लावा, दार बंद करा, बाहेर अंगणात उभे राहा आणि कडेकडेनं बघा. जिथं उजेडाची रेघ दिसते तिथून डास येणार. तिथं रबर थोडं जाड करा.

पहिल्या जुलैत दार घासायला लागलं तर लगेच रंधा काढू नका. आधी बिजागरीचे स्क्रू आवळून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं. तरीही घासत असेल तर कुठं घासतंय तिथं पेन्सिलीनं खूण करून ठेवा आणि दसऱ्यापर्यंत वाट बघा. लाकूड वाळल्यावर बघा, खूण केलेल्या जागी परत अर्ध्या सुताची फट आलेली असते. नाहीच आली, तर दोन शेवा काढा आणि उघड्या पडलेल्या कडेला त्याच दिवशी तेल लावा.

जाळीवर धूळ धरली की साबणाच्या पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश आतून फिरवा आणि बाहेरून पाण्याची हलकी धार मारा. आमच्याकडं हे काम गणपतीच्या आधी होतं, तेव्हा तसंही सगळं घर धुवायलाच काढलेलं असतं.